प्रभूमधलं समाधान आणि आपला पैसाअडका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या अंगणात, महिला मंडळाच्या सभेत, कधी रात्री उशिरा फोनवर. पैसा, घर, सोनं, कर्ज आणि या सगळ्यात देव कुठे, हे मला बरीच वर्षं विचारलं जातंय. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही. नगर जिल्ह्यातली निवृत्त शिक्षिका आहे आणि शास्त्राभ्यासाचा वर्ग घेते. वचनं कुठे आहेत ते सोबत दिलंय. ती स्वतः उघडून वाचावीत. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे शेवटी.

1. "ख्रिस्तात सांत्वन मिळतं" म्हणजे नक्की काय मिळतं? मनाची समजूत काढण्यापेक्षा ते वेगळं आहे का?

वेगळं आहे. पकडला जाण्याच्या रात्री प्रभू येशू शिष्यांना सांगतो की पिता तुम्हांला दुसरा 'कैवारी' देईल (योहान 14). मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'हाक मारून शेजारी बोलावलेला' असा होतो. आपल्या मराठी बायबलातला 'कैवारी' हा शब्द मला फार जवळचा वाटतो. कैवार घेणं म्हणजे आपली बाजू घेऊन उभं राहणं: भांडणात, कोर्टात, दवाखान्याच्या बाकावर. नवी गाडी दारात उभी राहते, पण आपल्या बाजूने उभी राहत नाही.

1563 साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात 129 प्रश्नांची एक प्रश्नोत्तरावली तयार झाली. तिचा पहिलाच प्रश्न असा आहे: जगताना आणि मरताना तुझं एकमेव सांत्वन कोणतं? उत्तराचा गाभा असा की मी माझा स्वतःचा नाही. देहाने आणि जिवाने, जगताना आणि मरताना, मी माझ्या विश्वासू तारणाऱ्या येशू ख्रिस्ताचा आहे. आपल्याकडे गावात अनोळखी पोर दिसलं की म्हातारी माणसं विचारतात, "कोणाचा रे तू?" त्या पोराच्या खिशात काय आहे ते कोणी विचारत नाही. ख्रिस्ती सांत्वन हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. पुढची सगळी उत्तरं इथूनच निघतात.

2. बायबल पैशाला वाईट म्हणतं का?

नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (6:10) 'द्रव्याचा लोभ' सर्व प्रकारच्या वाइटाचं मूळ म्हटलाय, द्रव्य नव्हे. प्रभूचा देह ज्याने स्वतःच्या कबरेत ठेवला तो अरिमथाईकर योसेफ श्रीमंत होता. फिलिप्पै शहरात प्रेषित पौलाला घरी ठेवून घेणारी लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करत होती. पैसा जवळ असणं आणि पैशाच्या ताब्यात असणं यांतला फरक मात्र बायबल फार कडकपणे दाखवतं. देवाची आणि धनाची अशी दोघांची चाकरी करता येत नाही (मत्तय 6:24). 'चाकरी' हा शब्द नीट वाचावा. हुकूम कोण सोडतं, हा तिथला प्रश्न आहे.

3. पण खरेदी केली की मला खरंच बरं वाटतं. ते खोटं आहे का?

खोटं नाही. ते थोडं असतं आणि लवकर संपतं, इतकंच. लूकच्या 12व्या अध्यायात एक माणूस गर्दीतून प्रभूला म्हणतो, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. (दोन हजार वर्षांत आपल्या घरांतलं भांडण फारसं बदललेलं नाही.) प्रभू वाटणी करून देत नाही, दाखला सांगतो. एका शेतकऱ्याला भरघोस पीक येतं. तो जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो आणि स्वतःच्या जिवाला म्हणतो: आता आराम कर, खा, पी. त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो.

हा दाखला वर्गात वाचताना मी एक गोष्ट मुद्दाम दाखवते. तो शेतकरी सबंध दाखल्यात स्वतःशीच बोलतो. बायको नाही, गडीमाणसं नाहीत, शेजारी नाही. 'माझं पीक, माझी कोठारं, माझा माल.' आनंदाची बातमी आहे, पण ती सांगायला एकही माणूस नाही. खरेदीनंतर घरी येऊन पिशव्या पलंगावर टाकल्यावर जी पोकळी जाणवते, तिचं वर्णन मला इतकं नेमकं दुसरीकडे सापडलेलं नाही.

4. मी प्रार्थना करते, बायबल वाचते, तरी बहिणीचा नवा फ्लॅट पाहून जीव जळतो. माझा विश्वास कमी आहे का?

पौलाने लिहिलंय, कोणत्याही स्थितीत समाधानी राहायला मी 'शिकलो' आहे (फिलिप्पै 4:11). शिकलो. म्हणजे एके काळी येत नव्हतं. एवढ्या मोठ्या प्रेषिताला जे शिकावं लागलं ते तुम्हांला बाप्तिस्म्याच्या दिवशी आपोआप यावं, ही अपेक्षा कोणी ठेवली?

हे पत्र त्याने बेड्यांत असताना लिहिलंय. पुढे तेराव्या ओवीत, म्हणजे वचनात, तो म्हणतो, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सर्वकाही करू शकतो. ही ओवी गाड्यांच्या काचांवर आणि परीक्षेच्या पॅडवर दिसते; जणू ती पहिला नंबर मिळवून देणार आहे. तिच्या आधीची ओवी वाचली तर 'सर्वकाही' म्हणजे काय ते कळतं: तृप्त असणं आणि भुकेलं असणं, विपुलतेत असणं आणि विपन्नावस्थेत असणं. भरल्या घरात देवाला न विसरणं हाही त्याच शिक्षणाचा धडा आहे, आणि मला तो जास्त अवघड वाटतो.

जळफळाट झाला तर तो प्रार्थनेत तसाच सांगा. आसाफ या स्तोत्रकाराने 73व्या स्तोत्रात दुष्टांची भरभराट पाहून आपला पाय घसरायला आला होता, हे स्वच्छ सांगितलंय. ते स्तोत्र उपासनेत गायला ठेवलंय; लपवलेलं नाही.

5. हे तर आपल्या संतांचं वैराग्यच झालं. ख्रिस्ती विश्वासात वेगळं काय?

प्रश्न मोलाचा आहे, आणि त्यात आपल्याला परकं वाटण्यासारखं काही नाही. तुकोबांनी सावकारीचे कागद इंद्रायणीत सोडल्याची कथा ऐकत आपण सगळे वाढलो. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर म्हणत की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1917 साली त्यांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत सुरू केली. पुढे दोनच वर्षं ते जगले. पगार सोडणं हे त्यांचं ध्येय नव्हतं. मराठी माणसाला ख्रिस्त मराठी माणूस म्हणून भेटावा, यासाठी त्यांना मोकळे हात हवे होते.

माझ्या समजुतीने फरक तिथे आहे. ख्रिस्ती माणूस वस्तू सोडतो ते वस्तू माया आहे म्हणून नव्हे. देवाने निर्माण केलेलं जग चांगलं आहे, असं उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे. तो मूठ उघडतो ती कोणाचा तरी हात धरायला. मात्र हे सांगताना दुसऱ्याची परंपरा खाली पाडून बोलू नये. मी तरी तुकोबांचा अभंग ऐकला की गप्प होते.

6. प्रभूने श्रीमंत तरुणाला सगळं विकायला सांगितलं. मग मीही विकायचं का?

मार्कच्या दहाव्या अध्यायातल्या त्या तरुणाला सांगितलं: सगळं विक. जक्कय या जकातदाराने मात्र अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवून घेतलेलं चौपट परत देतो म्हटलं, आणि प्रभूने 'आज या घराला तारण झालं' असं सांगितलं (लूक 19). बेथानीच्या मार्था आणि मरियेला तर घर विकायला सांगितलंच नाही. प्रभू त्याच घरी जेवायला यायचा. नियम एक असता तर तिघांना एकच आज्ञा झाली असती.

त्या तरुणाच्या गोष्टीत एक लहानसं वाक्य आहे: येशूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. आज्ञा त्यानंतर आली. तुमच्या घरातली कोणती गोष्ट मागितली तर तुम्ही खिन्न होऊन निघून जाल? ती विकायलाच हवी असं मी म्हणत नाही. पण तिचं नाव तुम्हांला ठाऊक असावं.

7. दशमांश हातात येणाऱ्या पगारावर काढायचा की कापाकापीच्या आधीच्या?

हा सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न आहे. नव्या करारात ख्रिस्ती मंडळीसाठी (चर्चच्या लोकांसाठी) टक्केवारी घालून दिलेली नाही. पौल म्हणतो, ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा बळजबरीने देऊ नये (2 करिंथ 9:7). दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देवाला देणं, ही जुन्या करारातली चांगली सवय आहे. कर्जाचे हप्ते थकलेल्या घराला तो आज झेपणार नसेल, तर त्या घराने अपराधी वाटून घेऊ नये.

पगार वाढलेल्यांसाठी मात्र एक उदाहरण. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी सांगितलेला हा हिशेब आहे: वर्षाला 30 पौंड मिळत तेव्हा 28त भागवायचं आणि 2 द्यायचे. पुढे 60 मिळू लागले, तरी खर्च 28च आणि दान 32. मग 90, नंतर 120, खर्च तोच. आपल्याकडे पगारवाढीबरोबर गरजाही आपोआप वाढतात आणि दशमांश तेवढा तिथेच राहतो. टक्केवारीच्या वादापेक्षा मला याची चिंता जास्त वाटते.

8. एका सभेत सांगितलं, "विश्वासाने दहा हजार पेरा, देव लाख देईल." हे खरं आहे का?

नाही. हे मी जराही आडपडदा न ठेवता लिहिते, कारण या वाक्यापायी मंगळसूत्र मोडलेली बाई मी पाहिली आहे.

शंभरपटीचं वचन मार्क 10:30 मध्ये आहे. त्यात घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं असं म्हटलंय. म्हणजे मंडळीचं मोठं कुटुंब. आणि त्याच ओवीत 'छळणुकीबरोबर' असंही आहे, ते वाचून दाखवलं जात नाही. विधवेने दान टाकलेल्या दोन टोल्यांचं, म्हणजे अगदी लहान नाण्यांचं (लूक 21), उदाहरण देऊन पैसे मागणाऱ्यांनी एक अध्याय मागे जाऊन शेवटची ओवी वाचावी. तिथे प्रभू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना अधिक शिक्षा होईल म्हणतो, आणि लगेच पुढे ती विधवा येते.

देवाशी व्याजाचा व्यवहार केला तर पुन्हा वस्तूंवरच मन टेकवल्यासारखं होतं. फक्त दुकान बदलतं. कर्ज काढून दान करू नका. कोणी करायला सांगत असेल तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला सोबत घेऊन आपल्या पाळकांशी बोला.

9. आयुष्यभराची पुंजी बुडाली. आता "देव पाहून घेईल" हे ऐकवत नाही. काय करू?

आधी रडा. हबक्कूक संदेष्ट्याने नुकसानीची यादी केली आहे: अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात अन्न नाही, मेंढवाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरं नाहीत (3:17). एकेक करून मोजलंय. 'तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन' हे त्यानंतर येतं. यादी गाळून थेट शेवटावर उडी मारायला त्याने सांगितलेलं नाही.

आमच्या भागातली एक पतसंस्था बुडाली तेव्हा माझ्या वडिलांची निवृत्तीची निम्म्याहून जास्त रक्कम त्यात गेली. वडील मंडळीत गायनाला पुढे असायचे. त्यानंतर कितीतरी रविवार ते मागच्या बाकावर नुसते बसून राहिले. त्यांना उपदेश करणारे पुष्कळ आले. एक गृहस्थ मात्र दर सोमवारी संध्याकाळी यायचे, चहा घ्यायचे, वडिलांबरोबर तक्रारीचे कागद लावायचे आणि जायचे. प्रार्थना वडिलांनी म्हटली तरच करायचे. पुष्कळ दिवसांनी वडील पुन्हा गायले. पैसे थोडेच परत मिळाले. त्या गृहस्थांकडे पाहून मला 'कैवारी' या शब्दाचा अर्थ कळला.

म्हणून तक्रार नोंदवा, कागद सांभाळा, मदत घ्या. पौलानेही फिलिप्पैकरांनी पाठवलेली मदत आनंदाने घेतली होती. झोप आणि जेवण तुटलं असेल तर प्रश्न 14 पाहा.

10. ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला "समाधानी राहा" म्हणणं क्रूर नाही का?

आहे. याकोबाच्या पत्रात (2:15-16) नेमकं हेच आहे: उघड्या, उपाशी भावाला 'सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो' म्हणायचं आणि द्यायचं काहीच नाही, तर काय उपयोग? समाधानाचं वचन मी स्वतःला ऐकवायचं. शेजाऱ्याला पीठ द्यायचं. याची अदलाबदल झाली की धर्म निर्दय होतो.

थकलेली मजुरी मिळावी म्हणून भांडणारा माणूस अविश्वासू नसतो. मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती आरोळी परमेश्वराच्या कानी गेली आहे, असं याकोब पाचव्या अध्यायात लिहितो.

11. लोक म्हणतात, "तुमचे पूर्वज पोटासाठीच ख्रिस्ती झाले." मग तुम्ही कोणत्या तोंडाने पैशापलीकडच्या सांत्वनाबद्दल बोलता?

आमच्या मुलांना कॉलेजात हे ऐकावं लागतं, म्हणून सविस्तर लिहिते. 1876-78 आणि पुन्हा 1896-97 व 1899-1900 च्या दुष्काळांत महाराष्ट्रातल्या कित्येकांचा मिशनांशी पहिला संबंध आला, हे खरं आहे. भुकेलेल्याला अन्न मिळालं याची लाज मला वाटत नाही. प्रभूनेही पाच हजारांना आधी जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी तीच माणसं शोधत आली तेव्हा, भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता, असं त्यांना तोंडावर सांगितलं (योहान 6:26), आणि तरी त्यांच्याशी बोलत राहिला.

पण हिशेबच करायचा तर पुढचाही करावा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती दलितांना मिळत नाही. 1956 साली शिखांचा आणि 1990 साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती बाहेरच राहिले. आमच्या कितीतरी घरांनी शिष्यवृत्त्या आणि नोकऱ्यांवर पाणी सोडून दाखल्यावर 'ख्रिस्ती' लिहिणं चालू ठेवलं. पोटासाठी आलेली माणसं पोटावर पाय आल्यावर निघून जातात. ही गेली नाहीत. आमच्या आजीला लिहितावाचता येत नव्हतं, पण प्रभूने मला नावाने हाक मारली, एवढं ती ठामपणे सांगायची. ज्या वस्तीला गावाने नावाने हाक कधी मारलीच नाही, तिथे त्या एका वाक्याचं मोल काय असतं, ते तोलून पाहावं.

12. मग घर घेणं, मुलीला सोनं करणं, लग्नात खर्च करणं चूक का?

घराबद्दल यिर्मयाचा 32वा अध्याय वाचा. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, संदेष्टा स्वतः कैदेत, आणि देव त्याला अनाथोथचं शेत विकत घ्यायला सांगतो. सतरा शेकेल रुपं (चांदी) तोलून दिलं, साक्षीदार बोलावले, खरेदीखत मातीच्या मडक्यात जपून ठेवलं. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील याची ती खूण होती. म्हणजे सातबारा विश्वासाचाही असू शकतो.

खर्चाबद्दल: बेथानीत एका स्त्रीने तीनशे दिनारांहून महाग सुगंधी तेल प्रभूच्या मस्तकावर ओतलं. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, तेव्हा जवळजवळ वर्षाची कमाई. लोकांनी उधळपट्टी म्हटलं; प्रभूने तिला बोल लावू दिला नाही. प्रेमाने केलेला मोठा खर्च पाप नाही. लोक काय म्हणतील म्हणून कर्ज काढून घातलेला मांडव मात्र मला या गोष्टीत बसवता येत नाही. तिथे तेल कोणाच्या मस्तकावर ओतलं जातंय, ते आपलं आपल्याला कळतं.

13. मला नोकरी सोडून पूर्णवेळ सेवा करायची आहे. आई-वडील माझ्यावर अवलंबून आहेत. देव पहिला, म्हणून निघू का?

घाई नको. मार्कच्या सातव्या अध्यायात 'कुर्बान'चा प्रसंग आहे. आई-बापांना द्यायचं ते देवाला अर्पण केलं असं जाहीर करून त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना प्रभूने ढोंगी म्हटलं. स्वतः वधस्तंभावर असताना त्याने आईची सोय शिष्याच्या घरी लावली. आधी घरच्यांचा महिन्याचा खर्च कागदावर मांडा, भावंडांशी बोला, मंडळीला तपासू द्या. सेवेचं पाचारण खरं असेल तर ते दोन वर्षं थांबल्याने विझत नाही.

14. सतत उदास वाटतं, कशातच रस नाही. प्रार्थना वाढवू की डॉक्टरकडे जाऊ?

डॉक्टरकडे जा, आणि प्रार्थना चालू ठेवा. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता (1 राजे 19). देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचं भांडं दिलं. तो जेवला, झोपला. पुन्हा उठवून पुन्हा जेवू घातलं, कारण वाट लांबची होती. देवाचा मंद, कोमल आवाज त्याला पुष्कळ दिवसांनी ऐकू आला. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. गोळी घेणं म्हणजे विश्वास सोडणं, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. जीव नकोसा वाटत असेल तर आजच, आत्ता कोणाला तरी सांगा.

15. वस्तू गेली तर समजू शकते. माणूस गेलं तर?

इथे मी जपून लिहिते. पंडिता रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण दुष्काळात गेली, 1880 साली भाऊ गेला, 1882 साली पती. मुक्ती मिशनमध्ये त्यांनी शेकडो मुली आणि विधवांना आसरा दिला. एकुलती मुलगी मनोरमा त्यांचा उजवा हात होती. जुलै 1921 मध्ये तीही गेली. रमाबाई केडगावात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत होत्या. ते त्यांनी सोडलं नाही. एप्रिल 1922 मध्ये त्यांनी डोळे मिटले.

त्यांचं दुःख कमी होतं असं मला म्हणायचं नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरेशी येशू रडला, आणि लाजर उठणार हे त्याला ठाऊक असताना रडला. तेव्हा पुनरुत्थानाची आशा असलेल्या माणसाने रडू नये, असं कोणी सांगू नये.

16. सासूबाई शेवटच्या आजारात आहेत. आयुष्यभर देवभक्त, पण आता सारखं "माझ्या पाटल्या कुठे?" विचारतात. त्यांचा जीव सोन्यात अडकला का?

हा प्रश्न आल्यापासून मनातून जात नाही. मला तसं वाटत नाही. त्या पाटल्या बहुधा त्यांच्या आईने घातल्या असतील, किंवा लग्नानंतर पहिल्या पिकावर केल्या असतील. स्मरण विरत चाललेल्या माणसाला हाताला लागेल असं काहीतरी हवं असतं. त्यांना रागावू नका, वचनही ऐकवू नका. पाटल्या आणून त्यांच्या हातात द्या, कोणाला द्यायच्या ते विचारा, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा दाखवा. मग शेजारी बसून 23वं स्तोत्र हळू म्हणा. ज्यांना ते लहानपणापासून पाठ आहे त्यांचे ओठ 'मला काही उणे पडणार नाही'पाशी बरोबर हलतात.